गोदाक्काची मूठ

गोदाक्का दुकानात शिरली की आधी पोत्याशी बोलायची आणि मग शेटजींशी. बेगम बाजारातल्या त्या अरुंद गल्लीत हातगाड्या आणि हमाल अंगावर येत असताना ती पोत्याच्या तोंडाशी वाकायची, डोळे मिटून नाक आत घालायची आणि दोन दाणे दाढेखाली धरून कट्‌कन फोडायची. तो आवाज पटला तर पुढचा व्यवहार. नाही पटला तर शेटजींनी मागवलेला चहा मात्र सोडायची नाही. "हौ, चाय पिते. जवारी नक्को," म्हणायची आणि चहा संपवून उठायची. मी तिच्या मागे पदरानं नाक झाकून, शेजारच्या मिरच्यांच्या ठसक्यानं शिंका आवरत उभी. तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आता बाहत्तरावं लागलंय. बरंच विसरले, त्यामुळे जरा सुधारलेही.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत ती तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. माहेर-सासर दोन्ही उदगीरकडचं, शेतीतलं. नवऱ्याच्या नोकरीपायी हैदराबादेत आलेली आणि इथलीच झालेली. तिच्या मराठीत अर्ध्या गल्लीची दखनी मुरलेली होती. आम्ही पुण्याचे. ह्यांच्या बदलीनं आलो आणि निवृत्तीनंतर परत जायचा कंटाळा आला म्हणून राहिलो. मात्र पुण्याची ऐट मी सामानातून सोबत आणली होती, आणि ती बरीच वर्षं उघडूनच ठेवली होती.

त्याच सुमारास ह्यांना साखर निघाली. भात कमी करा, ज्वारी खा, डाळी पॉलिश नसलेल्या आणा, असं डॉक्टरांनी बजावलं. मी लगेच हिमायतनगरला नव्यानं उघडलेल्या सेंद्रिय दुकानात गेले. आत गारवा, बांबूच्या टोपल्या, खाकी कागदाचे पुडे, आणि प्रत्येक पुड्यावर हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र. भाव बघून तो का हसतोय ते कळायचं. पेन्शनीत हे सगळं बसत नव्हतं, म्हणून मी एक युक्ती काढली होती. सकाळी सेंद्रिय भाकरी आणि रात्री रेशनच्या तांदळाचा भात. हे म्हणायचे, "माझी साखर सकाळी सेंद्रिय असते, रात्री साधी." मला तो टोमणा आहे हेसुद्धा कळलं नाही. मी वर त्यांना म्हटलं, "निम्मी तरी सुधारतेय ना!"

एकदा जिन्यात गोदाक्कानं माझ्या हातातला पुडा बघितला. तूरडाळ होती.

"काय आणलंत, वैनी?"

"सेंद्रिय आहे, अक्का. वर्षभर ठेवा, किडा म्हणून लागत नाही." हे मी इतक्या अभिमानानं सांगितलं, जणू डाळ मीच पेरली होती.

तिनं पुड्याच्या कोपऱ्यातून चार डाळी काढल्या, ओल्या बोटानं चोळल्या आणि बोट माझ्यापुढं धरलं. पिवळं झालं होतं.

"किडा का लागत न्हाई ते किड्याला इचारा की, माय. त्याला वाचता येत न्हाई. पुड्यावर काय छापलंय, त्याला काय ठाऊक? त्यो आपला खाऊन बगतो आन्‌ निघून जातो."

मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनं वाटीभर डाळ पाठवली, मळकट, टरफलं चिकटलेली, दोन किडे जिवंत. निवडताना मी तिला मनात काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण वरण झालं तेव्हा हे ताटावरून उठून स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "आज कुणाकडची डाळ आहे?"

अशी मी तिच्या पाच घरांत शिरले. होळीच्या आसपास नवी ज्वारी बाजारात आली की ती पाच घरांचं मिळून एक पोतं घ्यायची. पुढे डाळ, काळपट गूळ, चिंच, ज्याची त्याची वेळ आली की. "शेट पोतं फोडून देत न्हाई आन्‌ फोडून दिलं तर चांगलं देत न्हाई," हे तिचं गणित. म्हणून पाच घरं हवीतच. वर्षाचं एकदम, पिकायच्या वेळेला, कुणी धुवून-पुसून नटवण्याआधी घ्यायचं. गच्चीवर ऊन दाखवायचं, डाळीला एरंडेल चोळायचं, डब्यात कडुलिंबाचा पाला. पुड्याचे पैसे वाचले, चित्राचे वाचले, दुकानातल्या गारव्याचे वाचले. उरली ती नुसती ज्वारी. ती आम्हाला परवडली. मग हे रात्रीही भाकरी खाऊ लागले. सहा महिन्यांनी डॉक्टर खूश झाले, आणि मी गंभीर चेहऱ्यानं त्यांना त्या हिमायतनगरच्या दुकानाचा पत्ता दिला.

वाटे तिच्याच घरात व्हायचे. जमिनीवर चादर, मध्ये ज्वारीची रास, हातात पितळी शेर. प्रत्येक घराचं आपलं फडकं असे. आमचं म्हणजे ह्यांचा निळ्या काठाचा जुना पंचा. पाच ढीग झाले की ती आम्हा बायकांना हुकूम सोडायची, "जावा आत, चाय ठेवलाय. गठुडी मी बांधते." स्वतःचं गठुडं ती सगळ्यांत शेवटी, आम्ही गेल्यावर बांधी.

आता तुम्हीच सांगा, पुण्याच्या बाईला यात काय दिसेल? आम्हाला आत पाठवून ही बाहेर एकटी काय करते? दर वेळी चहाच का? मी स्वयंपाकाचा इलेक्ट्रिक काटा विकत घेतला. त्या पैशात दोन महिन्यांची डाळ आली असती. दार लावून, पाच-पाच किलो करत माझा वाटा तोलला. शंभर किलोच्या पोत्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे वीस भरायला हवा होता. वीसपेक्षा थोडा जास्त भरला. पुढच्या वर्षी पुन्हा जास्त. मी काटा बिघडलाय म्हणून परत केला. दुकानदारानं कुरकुरत दुसरा दिला. त्यावरही जास्तच. तेव्हा मी असा निष्कर्ष काढला की हैदराबादेत धड काटे मिळत नाहीत. हे मी ह्यांना जेवताना पटवून सांगितलं. ते भाकरीकडे बघत बराच वेळ हसत होते.

पुढे हे गेले. साखरेनं नव्हे, हृदयानं. मुलगा-सून माझ्याकडे राहायला आले. सून मृण्मयी गुणी पोरगी. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून थकते आणि फोनवर बोट फिरवून घरचं सगळं मागवते. सेंद्रिय भाजी, सेंद्रिय पीठ, दर आठवड्याला दारात खोकं. मी चालू दिलं. खरं म्हणजे मलाही दमायला झालं होतं. माझ्या एकटीच्या भाकरीसाठी काय निवडायचं, काय उन्हात घालायचं! त्या वर्षी होळीआधी गोदाक्का विचारायला आली तेव्हा मी सरळ नाही म्हणायचं सोडून थाप मारली.

"यंदा वाटा नको, अक्का. दोन महिने पुण्याला चाललेय."

"हौ, जाऊन या. भाऊ गेल्यापासून कुठं गेलाच न्हाईत," ती म्हणाली. ह्यांना ती भाऊ म्हणायची. माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी लिफ्ट बंद होती. दुपारी बेल वाजली. दार उघडते तर गोदाक्का. हातात आमचं खोकं, तोंडाला फेस. खोकं पोचवणारा ते तळमजल्यावर तिच्या दारात टेकवून गेला होता, आणि वर ठळक अक्षरांत आमचं नाव. तिनं ते दोन मजले चढवून आणलं होतं. मी गाऊनवर, केसांना तेल लावलेली, पुण्याला न गेलेली.

"तुमचं वाणसामान आलंय, वैनी. ल्हानसंच हाय, म्हटलं आणावं."

आत येऊन बसली, पाणी प्याली. पुण्याचं नावही काढलं नाही. जाताना फक्त वाकून खोक्याला नाक लावलं. सवयच ती.

"वास येईना, माय. माजं नाक म्हातारं झालं असंल."

ती जिना उतरेपर्यंत मी दारात उभी होते. मग खोकं उचलून आत नेलं.

मग एकेक घर गळलं. एक लांब कुकटपल्लीला राहायला गेलं, दुसऱ्या घरात पोरं म्हणाली, एवढं साठवता कशाला. गोदाक्का मात्र पोतं आणतच राहिली, कारण शेट फोडून देत नाही. दुपारी दारात सूप घेऊन किडे वेचत बसलेली दिसे. दर होळीला जिन्याच्या तळाशी उभी राहून वर हाक मारी, "वैनी, तुमचं फडकं हाय माज्याकडं. धुवून ठेवलंय!"

मी वरून म्हणे, "पुढच्या वर्षी बघू, अक्का."

असं चार वर्षं बघितलं. गेल्या संक्रांतीनंतर एका दुपारी ती जेवून आडवी झाली, ती उठली नाही. नवी ज्वारी यायला महिनाभर अवकाश होता.

दिवस झाल्यावर तिची सून रुक्मिणी वर आली. हातात निळ्या काठाचा पंचा, घडी घातलेला. "अत्याबाईंनी सांगून ठिवलं होतं, ह्ये तुमचं तुमाला द्या म्हणून."

मी पंचा मांडीवर घेतला. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "आता तुमच्या घरात तरी ज्वारी चालू ठेव."

"चालू हायच की. आता तर उरती," ती हसली. "पाच घरं होती तवा आमच्या वाट्याला कधी पुरली न्हाई बगा. तुमाला चाय प्यायला धाडून अत्या हरेक गठुड्यात एक मूठ जास्तीची टाकायच्या. म्हणायच्या, खडे निघतेत, किडे निघतेत, येचून कुणाचं कमी पडाया नको. समदी आमच्या ढिगातली. मी लई भांडले. म्हणायच्या, तुला काय कळतंय, वैनी घरी जाऊन तोलत्यात."

तिला ठाऊक होतं. सगळी वर्षं.

यंदा होळीला मी रुक्मिणीला घेऊन बेगम बाजारात गेले. गुडघे वाटेतच म्हणत होते, बाई, पुरे. पोत्यात नाक घातलं, वास आला. दाणा दाढेखाली धरला तर कवळीच हलली. मग रुक्मिणीनं फोडला. शेटजींनी चहा मागवला, तो मी प्याले. पोतं अख्खं घेतलं. चौथ्या मजल्यावरच्या तेलुगू मास्तरीणबाईंना गोड बोलून तिसरं घर केलं. दोन घरं अजून शोधतेय. माझा वाटा मी दळून आणून मृण्मयीच्या खाकी पुड्यांत गुपचूप भरून ठेवते. परवा ती म्हणाली, "आई, या कंपनीचं पीठ खरंच वेगळं आहे हं." मी म्हटलं, "महाग आहे ना, म्हणून."

पोतं आलं त्या दिवशी वाटे माझ्या हॉलमध्ये झाले. चादर घातली, शेर रुक्मिणीनं आणला. ढीग झाल्यावर मी दोघींना म्हटलं, "जा आत, चहा ठेवलाय. गाठोडी मी बांधते." रुक्मिणीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मास्तरीणबाईंना घेऊन आत गेली.

मी माझ्या ढिगात हात घातला. हल्ली बोटं वळत नाहीत. मूठ अर्धीच होते, अर्धे दाणे वाटेतच सांडतात. म्हणून प्रत्येक गाठोड्यात दोनदा घातली.