शाळेच्या अक्षता

आमच्या म्हेवण्याला गप्प बसवेल असं औषध बेळगावच्या एकाही दवाखान्यात मिळायचं नाही. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. सगळी उमर सरकारी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली, जास्त करून निपाणीच्या गाडीवर, आणि रिटायर झाला तरी हा काही गाडीतून उतरला नाही. खुर्ची दिली तर बसत नाही, दाराची चौकट धरून उभा राहतो. लग्नाच्या पंगतीत ‘पुढं सरका, मागं जागा हाय’ म्हणून ओरडताना मी त्याला ऐकलाय. चहा अर्धा पितो आणि अर्धा ठेवून निघतो, कारण गाडी सुटायची वेळ झाली असं त्याच्या पायांना अजून वाटतं. बोलणं मराठीत सुरू करून कन्नडात संपवतो, भांडण मात्र दोन्हीत करतो. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म साड्या विणायच्या मागावर गेला. मला त्याचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. तो गल्लीत शिरला की मी हिला म्हणायचो, ‘आला बघ तुझा भाऊ.’ ही हसायची. ‘येऊ दे की. तुमच्या मागाच्या खडखडाटापेक्षा बरा हाय.’

आमच्या वडगावात गल्लीच्या तोंडालाच सरकारी शाळा आहे. मी तिथंच शिकलो, ही भावंडंही तिथलीच. पुढं पुढं पिवळ्या बसा गल्लीत येऊन पोरं इंग्रजी शाळेत न्यायला लागल्या आणि आमची शाळा ओस पडली. सरकार कुलूप लावणार अशी बोलवा उठली. तेवढ्यात बेंगळूरची एक संस्था आली. इमारत सरकारचीच राहणार, फी नाही, शिक्षक आणि कारभार मात्र संस्थेचा. पोरं शिकली नाहीत तर सरकार शाळा परत काढून घेणार, असा सगळा करार. मी म्हटलं, ‘सरकारला जमलं न्हाय ते ह्यांस्नी जमणार व्हय?’ म्हेवणा चौकट धरून उभाच होता. ‘रिकामी गाडी डेपोत लावत्यात, दाजी. त्यापेक्षा डायवर बदलून बघूया की.’

संस्थेच्या बाईंनी एकच अट घातली. एका रविवारी पालक पोरं घेऊन शाळेत येऊ देत, लोकांना शाळा पाहिजे हे डोळ्यांनी दिसू दे, तरच घेऊ. म्हेवण्यानं भिंतीभिंतीवर कागद चिकटवले. कुणी वाचले नाहीत. मग तो आमच्या घरी आला आणि म्हणाला, ‘आक्का, तांदूळ काढ. बोलावणं म्हंजे अक्षता.’ हिनं परातीत हळद-कुंकू लावून तांदूळ कालवले आणि दोघं बहीणभाऊ घरोघर फिरले. हा दारात उभा राहून सांगायचा, ‘रविवारी शाळेत या, सहकुटुंब या, कुणी मागं राहू नका.’ आमच्या वडगावात घराघरात माग. त्या खटखटीत कोण भाषण ऐकत बसतोय? हातावर अक्षता पडल्या म्हणजे लग्न, एवढं सगळ्यांना कळलं.

रविवारी शाळेचं पटांगण असं भरलं, की मी जन्मात तसं बघितलं नव्हतं. बायका इरकली नेसून, पोरं पावडर लावून, म्हातारे फेटे बांधून. कुणी आहेराला खण आणला, कुणी स्टीलची घागर. शेजारची म्हातारी सगळे वर्ग फिरून आली आणि म्हेवण्याला विचारती, ‘नवरी कुठं हाय रं?’

‘हीच की, मावशी, तुझ्या म्होरं उभी.’ त्यानं शाळेच्या भिंतीवर थाप मारली. ‘अंगावर रंग न्हाय, एवढंच.’

‘मुडद्या, मग जेवाण?’

ही पदर खोचून उठली, चार बायका हाताशी घेतल्या आणि शाळेच्या चुलीवर शिरा चढवला. संस्थेच्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, इतकी माया आम्ही कुठल्याच गावात बघितली नाही. त्यांनाही कुणीतरी खण देऊन टाकला. शाळा त्यांनी घेतली. गल्लीनं म्हेवण्याला महिनाभर शिव्या घातल्या आणि शिऱ्याची आठवण काढली.

त्याच वर्षी थंडीत ही गेली. माझा माग तेव्हापासून बंद आहे. घरात आता खडखडाट नाही, हसणंही नाही. म्हेवणा येतो, चौकटीत उभा राहतो, अर्धा चहा ठेवून जातो. उरलेला मी पितो.

शाळा चांगली झाली, नाही म्हणणार नाही. मास्तर वेळेवर येतात, पोरं धडाधड वाचतात. मग पिवळ्या बसा सोडून लोक इकडं धावले. जागा थोड्या आणि पोरं फार, म्हणून चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. आहेरात आलेल्या त्याच घागरीत चिठ्ठ्या टाकल्या आणि काढायचा मान म्हेवण्याला दिला. त्याच्या नातीची चिठ्ठी निघाली नाही. लोक म्हणाले, ‘आण्णा, आजून एक काढ की. तुझ्यामुळं शाळा हाय.’ हा म्हणाला, ‘कंडक्टरच्या घरची म्हणून फुकट बसवायचं न्हाय. सीट न्हाय म्हंजे न्हाय.’ आणि घागर पालथी घातली. नातीला शेजारच्या खासबागच्या सरकारी शाळेत घातली. स्कूटरवरून रोज सोडतो.

काल संध्याकाळी तो आला आणि खुर्चीवर बसला. इतक्या वर्षांत त्याला माझ्या घरात बसलेला मी बघितला नव्हता.

‘दाजी, खासबागची शाळा रिकामी व्हायला लागली. तिथली पोरं हिकडं आली. आपल्याच गाडीनं तिची शिटं उचलली. आता तिला कुलूप लावणार म्हणत्यात. नातीला कुठं नेऊ?’

त्यानं पिशवीतनं तांदूळ काढून म्होरं ठेवले. मी फळीवरची परात काढली. ही गेल्यापासून तिला हात लावला नव्हता. हळद किती घालायची ते मला ठाऊक नाही, त्यालाही नाही.

‘आक्का पाणी लावत हुती का तूप?’

‘तुझी बहीण. तुला म्हाईत.’

‘तुमची बायकू की.’

शेवटी पाणीच लावलं, ते जास्त झालं. बंद मागावर कागद पसरून तांदूळ वाळत घातले. म्हणाला, ‘उद्या खासबागात घरोघर फिरूया. मी बोलतो. अक्षता तुम्ही द्या. आक्काचं काम तुमच्याकडं.’ मी नाही म्हटलं नाही. जाताना बघितलं, तर चहाचा कप रिकामा होता.

आज सकाळपासून सदरा घालून बसलोय. बोटं अजून पिवळी आहेत. स्कूटरचा आवाज अजून आलेला नाही, आणि अक्षता हाताला थोड्या ओल्याच लागतात.