पान्यांची चंची

बावीस वर्षं माझ्या ट्रकमध्ये डावीकडच्या सीटवर हत्यारांची पेटी बसत होती आणि माझी बायको घरी बसत होती. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. पेटी फणसाच्या लाकडाची, दोन माणसांनी उचलायची, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. डिचोलीत खाणी जोरात चालू होत्या तेव्हा लाल धुळीत ट्रकांची रांग लागायची, आणि रांगेत आपली गाडी बंद पडली की मागचे सगळे ड्रायव्हर आपल्या सात पिढ्यांची आठवण काढायचे. तेव्हा ज्याची पेटी मोठी तो शहाणा. पुढे खाणी थंडावल्या. मी चिरे, खडी, नारळ, मिळेल ते भाडं मारायला लागलो. क्लीनर ठेवायचे दिवसही गेले. पेटी मात्र सीटवरून हलली नाही. रस्त्यात कोणी हात दाखवला तर मी "जागा नाही" म्हणायचो, आणि ते खरंच असायचं.

बायको त्या ट्रकमध्ये एकदाच चढली होती, ट्रक दारात आला त्या दिवशी. पूजेचं ताट घेऊन चढली, पेटीवर टेकली, आणि पट्टीच्या खिळ्याला लागून तिची नवी साडी फाटली. मी घाबरून विचारलं, "पेटयेक काय झाला नाय मां?" हे वाक्य ती अजून विसरलेली नाही. पाहुणे आले की चहाबरोबर तेही देते.

गेल्या वर्षी मुलगी लग्न होऊन फोंड्याला गेली. मुलगा त्याच्या आधीच बोटीवर. एका सकाळी पोदेराकडचे पाव चहात बुडवून मी निघालो, तर बायको दारात येऊन म्हणाली, "मी येव काय तुमच्यावांगडा?"

"खय?"

"तुमी जातात थय."

"जागा खय आसा?"

"पेटयेक आसा. माका नाय."

माझं डोकं तापायला डिझेल लागत नाही. मी तिथेच अंगणात भाषण ठोकलं. ट्रक म्हणजे काय सहलीची बस आहे का, आडरानात गाडी अडली तर काय तुझा भाऊ पाने घेऊन धावत येणार आहे, पेटी आहे म्हणून हे घर चाललंय. तिने सगळं ऐकून घेतलं. ती सावंतवाडीकडची, भांडायचं असलं तरी आधी समोरच्याला दमू देते. मग म्हणाली, "सकाळी तुमी जातात, सांजेक येतात. मधलो आख्खो दिस मी भिंतीवांगडा बोलतंय. आता भिंतीकय सगळा सांगान झाला."

मी ट्रक चालू केला आणि निघालो. त्या दिवशी डाव्या बाजूला बघायचं मी टाळत होतो, आणि ड्रायव्हरने डाव्या बाजूला न बघणं किती कठीण असतं ते ड्रायव्हरलाच माहीत.

संध्याकाळी तिनेच प्रस्ताव मांडला. लागणारी सगळी हत्यारं सीट मोकळी राहील एवढ्या जागेत बसवून दाखवली, तर तिला न्यायचं. मला हसू आलं. पेटीतला निम्मा माल मलाच कुठे काय आहे ते ठाऊक नव्हतं, ही काय बसवणार! मी ऐटीत सांगितलं, "एक फेरी. एकच. आणि वाटेत एकाद्या हत्यारावाचून अडला, तर पेटी परत सीटर आणि तू परत घराक."

"ठरला ता ठरला," ती म्हणाली.

रविवारी ओसरीवर गोणपाट अंथरून कोर्ट भरलं. पेटी उपडी झाली आणि तिच्यातून जे निघालं ते बघून मीच चकित झालो. तीन हातोड्या, पैकी दोन दांड्यांविना. विकून टाकलेल्या जुन्या ट्रकच्या दाराची मूठ. तुटलेले फॅनबेल्ट चार, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून ठेवलेले. एक आरसा, कुठल्या गाडीचा ते देवाला ठाऊक. आणि मी दोन वर्षांपूर्वी ज्यावरून शेजाऱ्याशी बोलणं टाकलं होतं तो चोरीला गेलेला टॉर्च. बायकोने टॉर्च उचलला, शेजाऱ्याच्या घराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तो बाजूला ठेवला. कधी कधी ती फार वाईट पद्धतीने गप्प राहते.

तिचा नियम सोपा होता. एकेक हत्यार हातात घ्यायचं आणि विचारायचं, "ह्या कधी वापरलात?" मुलीच्या लग्नानंतर वापरलं असेल तर आत, आधी वापरलं असेल तर बाहेर. मी खोटं बोलून बघितलं. पण पान्यावर गंज कसा चढतो ते तिला विळ्यांवरून चांगलंच कळतं. "हेच्यार तर कोळ्यान घर बांधल्यान," म्हणत तिने माझा एक खोटा साक्षीदार परत पाठवला. पाने तेवढे सुटले. दोन्ही तोंडांचे साधे पाने, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा असे बत्तीसपर्यंत. ते रोजचे, त्यांच्यावर चकाकी होती. पक्कड, पेचकस, टेस्टर, दांडा असलेली हातोडी, तारेचं वेटोळं, चिकटपट्टी, फ्यूज. आणि साबण. साबण बघून ती थबकली, "ह्यो कित्याक?" डिझेलच्या टाकीला बारीक भोक पडलं तर कपड्यांचा साबण चोळून वेळ मारून नेता येते, असं मी सांगितल्यावर ती उठून न्हाणीतून नवी वडी घेऊन आली. जुनी वडी झिजून पोह्याएवढी झाली होती. संसारात एवढ्या लवकर आमचं एकमत कधी झालं नव्हतं.

जॅक आणि चाकाचा पाना सीटखाली मावत होते. प्रश्न बाकीच्यांचा. तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. मी तो भरून हलवला, देवळातल्या पालखीच्या वाद्यांसारखा आवाज झाला. मी म्हटलं, "ह्या खडखडाटान माका झोप लागाची नाय, आणि झोप लागली नाय तर मी गाडी कशी चालवू?" तिला हसू आलं, पण हरल्यासारखं. मला जिंकल्याचा आनंद झाला, तो मी लपवला नाही.

मग ती आत गेली आणि खुंटीवरून माझ्या वडिलांची चंची घेऊन आली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, चंची तशीच टांगलेली. लाल कापडाची, खणाखणाची, गुंडाळली की मुठीत मावणारी, वरून नाडी. एका खणात पानं, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी, एकात तंबाखू. तिने ती माझ्यासमोर उलगडली.

"तुमच्या बापाशीचो आख्खो दिस हेच्यात मावायचो. त्यांची पानां, तुमचे पाने. मावाचे नाय ते?"

जुन्या ताडपत्रीचा जाड तुकडा घेऊन ती शिलाई मशीनवर बसली. मशीनच्या तीन सुया तुटल्या आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं. चौथ्या वेळी तिने मशीन बंद केलं, गोणी शिवायचा दाभण काढला आणि दोन दिवस हाताने टाके घातले. चंची तयार झाली तेव्हा मला बोलायला काही शिल्लक ठेवलं नाही तिने. पान्यांना ओळीने खण, मापाप्रमाणे चढते, खणावर रंगीत दोऱ्याने आकडा. पक्कडीला झाकण. साबणाला प्लास्टिकचं अस्तर. गुंडाळून नाडी बांधली की उशीएवढी वळकटी, ड्रायव्हरच्या सीटमागे सरळ जाते. आवाज नाही.

एक वस्तू मात्र बाहेर राहिली. हातभर लांबीचा, म्हणजे माझा हात नव्हे, चांगला लांब लोखंडी पाइप. चाकाचे नट अडून बसले की पान्याच्या दांड्यावर तो चढवायचा, लांबी वाढते, जोर वाढतो. तिने विचारलं, "ह्यो कधी वापरलात?" खरं तर मुलीच्या लग्नाआधी. नियमाने तो बाहेर. पण मला ठाऊक होतं की हल्ली टायरवाले हवेच्या मशीनने नट आवळतात आणि पाइपाशिवाय त्या नटांपुढे माणसाचं काही चालत नाही. हेही ठाऊक होतं की पाइप सीटमागे आडवा सहज राहिला असता. मी गप्प बसलो. मुद्दाम बसलो. हे लिहायला आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

भाडं ठरलं पेडण्याचं. चिरे भरायचे आणि कोरगावात एका नव्या घराच्या कामावर उतरवायचे. बायको नेसून, गजरा माळून तयार. सीटवर बसली, दोन्ही हात मांडीवर, आणि समोरच्या काचेकडे असं बघत होती की मलाच आपण काहीतरी मोठं काम करतो असं वाटायला लागलं. तिला सगळ्याची नावं हवी होती. हे कुठलं देऊळ, तो रस्ता कुठे जातो, तुम्ही सांगता तो चहावाला हाच का. तो चहावाला तोच होता. त्याने सीटमागची वळकटी बघून हात पुढे केला, "एक पान आमकांय दी रे!" बायकोने गंभीरपणे नाडी सोडली आणि त्याच्या हातावर दहा-अकरा ठेवला. तो माणूस हसून हसून खाली बसला. बावीस वर्षं मी त्याच्याकडे चहा पितो, त्या दिवशी पहिल्यांदा त्याने भजी फुकट दिली.

कोरगावात चिरे उतरवून रिकामे परत निघालो आणि काजूच्या बागांमधल्या अरुंद रस्त्यावर पुढचं डावं चाक बसलं. पंक्चर.

खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. मी उड्या मारत उतरलो. मागच्या चाकांना अडणी म्हणून रस्त्याकडेचे दोन दगड लावले, जॅक काढला, पाना लावला. पहिले तीन नट कुरकुरत सुटले. चौथा हलेना. मी ओढला, ढकलला, शेवटी पान्याच्या दांड्यावर उभा राहून नाचलो. मी अंगाने काडी. नटाला कोणी वर चढलंय हे कळलंही नसावं. घाम पुसत मी म्हटलं, "पायप असतो तर!"

ती ट्रकच्या सावलीत उभी होती. गजऱ्याला हात लावला आणि हळूच म्हणाली, "मीच काडूक लावलो तो. ठरला ता ठरला. जावंदे, सगळा बघून झाला."

मी जिंकलो होतो. पण तिने सकाळपासून मांडीवर ठेवलेले हात आता पदराचं टोक चुरगळत होते, आणि मला माझाच इतका राग आला की मी नटाला लाथ घातली. नट तसाच, अंगठा सुजला.

"बाजूक व्हा," ती म्हणाली. चपला काढल्या. पदर खोचला. एक हात मडगार्डवर, एक माझ्या खांद्यावर ठेवून ती पान्याच्या दांड्यावर चढली. "आजपर्यंत माझ्या वजनाक हसल्यात. आता बगा."

क्षणभर काही झालं नाही. मग नट असा काही कडाडला की झाडावरचे पक्षी उडाले, आणि ती पायरी उतरावी तशी पान्यावरून जमिनीवर आली. पाचव्या नटाला मी नुसता पाना लावला आणि बाजूला झालो. सहाव्याला तिने विचारलं, "ह्यो ढिलो करायचो काय?" राहिलेले सगळे तिनेच सोडवले. मी जॅक लावला, स्टेपनी चढवली, आणि घट्ट करायलाही तिलाच चढवलं. वाटेने जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून बघत राहिला. मी त्याला म्हटलं, "बगतस काय? नवीन मॉडेल आसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा तिने मला एकट्याचा डबा दिला. घरातलीच साडी. आणि ओसरीच्या पायरीपर्यंत पेटी ओढून आणलेली. एकटीने. सगळा माल परत भरलेला, वर तो पाइप.

"ह्या काय?"

"एक फेरी म्हणालात. आणि पायपावाचून अडला. मी शब्दाची पक्की आसंय."

माझं डोकं तापलं, पण या वेळी कोणावर तापायचं ते मला बरोबर ठाऊक होतं. मी म्हटलं, "पायप सीटच्या पाठी ऱ्हवलो असतो. माका म्हायत होता. मी मुद्दाम गप ऱ्हवलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. टॉर्चच्या वेळी बघितलं होतं तसंच. मग आत गेली.

मी ट्रकमध्ये चढलो, चालू केला, फाटकापर्यंत नेला. डावीकडची सीट रिकामी होती आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला ती रिकामी दिसली. मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. शेजारी बाहेर आला, ज्याच्याशी मी टॉर्चवरून बोलत नव्हतो तो. शेवटी बायको दारात आली, हात पिठाने भरलेले.

"काय विसारलात?"

"पायप ऱ्हवलो गो."

"तो पेटयेत आसा. वयरच आसा, घेवा."

"तो न्हय," मी म्हटलं. "कालचो."

तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "थांबा, चपला घालतंय."