गाडी बाळ चालवत नाही

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नळकाम करणारे एक कारागीर राहतात. चाळीस वर्षं लोकांच्या गळत्या थांबवल्या, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना ‘गळतीकाका’ म्हणते. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक गळतीला काहीतरी कारण असतं, आणि ते कारण म्हणजे आधी येऊन गेलेला कारागीर. त्यांच्या हातात पाना आणि तोंडात शिवी एकाच वेळी येते. मात्र नळ एकदा त्यांनी बसवला की तो पुन्हा टिपकायची हिंमत करत नाही.

अशा माणसाच्या घरात एक गळती जन्माला आली. ती त्यांच्या मुलीचा मुलगा, वय साडेतीन महिने.

बाळ गुटगुटीत, हसरं, दूध पिण्यात पटाईत. पण दूध पोटात टिकेल तर शपथ! घाईतल्या पाहुण्यासारखं ते आत जायचं, जरा टेकायचं आणि आल्या वाटेने परत निघायचं. बाळाला आडवं ठेवलं की ते धनुष्यासारखं वाकायचं आणि असा टाहो फोडायचं, की तळमजल्यावरचा न्हावी कात्री थांबवून वर बघायचा. त्या वेळी खुर्चीत बसलेल्यांच्या कल्ल्यांची लांबी अजून जुळलेली नाही.

बाळाची आई बस चालवते. बाळाचे वडील बोटीवर, आणखी चार महिने समुद्रातच. बाळंतपणाची रजा रविवारी संपत होती. सोमवारी सकाळी सातला पहिली फेरी. पण तिने आगारात आणि घरात एकच सांगून ठेवलं होतं, “डोळे चुरचुरत असतील त्या दिवशी मी स्टिअरिंगला हात लावणार नाही. मागे साठ माणसं असतात.” आणि डोळे तर रात्रीच्या जागरणांनी तीन महिने चुरचुरतच होते.

तोडगा काढला गळतीकाकांच्या थोरल्या बहिणीने. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्कांना प्रश्न पडत नाहीत, फक्त उत्तरं पडतात.

“राजीनामा दे,” त्या भाचीला म्हणाल्या. “बस काय, कोणीही चालवतं. आई एकच असते.”

“कोणीही चालवतं?” गळतीकाका उसळले. “आक्का, तुला सायकल तरी येते का? आणि म्हणे बस!”

“मला कशाला यायला पाहिजे? मी काय वेडी आहे?”

“तेच म्हणतोय. वेडं नसलेल्या माणसाने ड्रायव्हरला शहाणपण शिकवू नये.”

तरीही आक्कांनी राजीनाम्याचा मजकूर सांगितला, मुलीने थकलेल्या हाताने लिहून घेतला आणि कागद साखरेच्या डब्याखाली जाऊन बसला. सही तेवढी बाकी होती.

तो कागद पाहून गळतीकाकांचं माथं भडकलं. त्यांनी सगळी कामं बंद केली. फोन आला की म्हणायचे, “टिपकतंय? बादली लावा. माझ्या घरी मोठं काम निघालंय.” माझ्या मोरीतला नळ तेव्हापासून टिपकतोय, पण बोलायची सोय नाही.

शुक्रवारी त्यांनी नातवाची तपासणी केली आणि निदान जाहीर केलं, “उताराची चूक आहे.” मग पाळण्यातल्या गादीखाली डोक्याच्या बाजूला दोन फळ्या सारल्या, पाणसळ लावून बुडबुडा बघितला आणि सांडपाण्याच्या नळाला देतात तसा चोख उतार दिला. बाळ झोपलं! काका मिशीवर हात फिरवत उभे राहिले. पण दहा मिनिटांत बाळ त्या चोख उतारावरून घसरत पायथ्याशी पोचलं आणि त्याची हनुवटी छातीला टेकली. काकांनी झडप घालून त्याला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा आधीचा कारागीर ते स्वतःच होते.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना असं फैलावर घेतलं, की सोबत गेलेली मुलगीसुद्धा खुर्चीत ताठ बसली.

“आजोबा, उतार नळाला लागतो. बाळाला झोपवायचं सपाट, कडक गादीवर, पाठीवर. उशी नाही, लोड नाही, फळी तर मुळीच नाही.”

“पण पोटातलं वर येतं ना, बाई!”

“वरची झडप अजून कच्ची आहे. वयाबरोबर घट्ट होईल. वजन वाढतंय, काळजी नको. उलटी हिरवी झाली, रक्त दिसलं किंवा दूधच नको म्हणाला, तर लगेच आणा.”

“झडप!” काकांचे डोळे चमकले. “असं सांगा की मग! नवी झडप दमानेच बसते. तोवर दाब कमी ठेवायचा.”

“म्हणजे थोडं थोडं पाजायचं, ढेकर काढायची आणि नंतर अर्धा तास उभं धरायचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एकमेकांचा धंदा दोघांना पहिल्यांदाच कळला होता.

रविवारी दुपारी निकाल लागायचा होता. मुलगी म्हणाली, “बाबा, बाळ दीड तास सलग तुमच्याकडे झोपलं तर उद्या जाते. नाही झोपलं तर सही करते.” आणि आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली.

काकांनी बाटलीतून थोडं दूध पाजलं, ढेकर काढली, बाळाला छातीशी उभं धरून घड्याळाकडे बघत अर्धा तास येरझाऱ्या घातल्या. मग पाणसळ लावून गादी सपाट असल्याची खात्री केली आणि बाळाला पाठीवर ठेवलं.

“पालथं घाल, मी सांगते,” आक्का कुजबुजल्या. “आमची सगळी पालथीच वाढली.”

“तुझी सगळी वाढली, कबूल. हा माझ्या पद्धतीने वाढेल.”

“निदान एवढीशी उशी?”

“आक्का, उशी घेऊन पुढे आलीस तर तुला दाराबाहेर बसवीन. थोरली आहेस म्हणून खुर्ची देईन.”

बाळ झोपलं. दहा मिनिटं. वीस. पस्तीस. चाळिसाव्या मिनिटाला त्याने पाय झाडले, पाठ वाकवली आणि टाहो फोडला. आक्कांनी शांतपणे डबा उचलला, कागद बाहेर काढला, शेजारी पेन ठेवलं.

“संपलं,” त्या म्हणाल्या. “बोलाव तिला.”

काकांनी बाळाला उचलून खांद्यावर उभं धरलं. बाळाने त्यांच्या पाठीवर दुधाचा पाट सोडला. काका दाराशी गेले आणि आत डोकावले. मुलगी तोंड उघडं टाकून घोरत होती. एवढ्या टाहोतही तिची पापणी हलली नव्हती. बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे, एवढं तिच्या झोपेला कळलं असावं.

त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.

“उठवतोस ना?”

“नाही.”

“अरे, बाळ कुठे झोपलं दीड तास?”

“नाही झोपलं तर नाही झोपलं,” काका म्हणाले. “गाडी बाळ चालवत नाही. जिने चालवायची, ती झोपली आहे. एवढं साधं तीन महिने कुणालाच कळलं नाही, मलासुद्धा नाही. आपण नळ सोडून बादलीच दुरुस्त करत बसलो. आज रात्रीपासून शनिवारपर्यंत, रात्रंदिवस, हा माझा. रडेल तेव्हा उभा धरीन, झोपेल तेव्हा सपाट ठेवीन. आणि तो कागद दे इकडे.”

“फाडणार?”

“छे! खांदा पुसायला हवाय.”

मुलगी चार तासांनी उठली. काय झालं ते ऐकलं, वडिलांचा खांदा बघितला, कागदाची अवस्था बघितली. आणि गणवेशाला इस्त्री करायला लागली.

सोमवारी सव्वासातला बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत काका उभे होते, खांद्यावर जागं बाळ, नुकतंच पाजलेलं. शेजारी आक्का हातात धुतलेली फडकी घेऊन उभ्या होत्या.

“वळण मोठं घेतलंन,” आक्का म्हणाल्या.

“लांब गाडीला मोठंच घ्यावं लागतं,” काका म्हणाले. “तुला बसमधलं काय कळतं?”