फवारणीच्या आदल्या रात्री

तणनाशकाचा उग्र वास आला की दिंडोरीजवळची आमची द्राक्षबाग आठवते. लग्नाआधी मी एका मुलीशी पहाटे तीनपर्यंत चॅटिंग करायचो. ती ‘झोप आता’ म्हणाली, की मीच नवा विषय उकरून काढायचो. अशाच एका सकाळी पेंगत पेंगत मी फवारणीच्या टाकीत बुरशीनाशकाऐवजी तणनाशक ओतलं. आठवड्यात अर्धी बाग करपली. वडील वेलीखाली उकिडवे बसले. “रातभर कुणाशी बोलत होता रे?” “मित्राशी.” “मग त्याला म्हणावं, बाग बघून जा एकदा.” मी तिला बागेचा फोटो पाठवला, तिने रडका इमोजी पाठवला, पुढे काहीच नाही. आता वडिलांचे हात थरथरतात, तरी टाकीत औषध तेच ओततात. मला, दोन पोरांच्या बापाला, फक्त पाणी भरायला सांगतात.