गालिच्याची उलटी बाजू

दुबईच्या बर दुबई भागात आमच्या बिल्डिंगखाली एक अफगाण चाचा गालिचे दुरुस्त करतात. भोक ते समोरून बघतच नाहीत. आधी गालिचा उलटा करतात आणि धागा कुठून सुटलाय ते बोटाने शोधतात.

बोलणंही तसंच. मी एकदा अमेरिकेच्या युद्धाचा विषय काढला, तर म्हणाले, “त्याआधी रशियन आले. त्यांच्याशी लढायला बंदुका अमेरिकेनेच पुरवल्या. त्याच्याही आधी इंग्रजांनी आमच्या डोंगरांतून सरहद्दीची रेघ ओढली. तू सुरुवात कुठून धरतोस, बेटा?”



परवा एका माणसाने त्यांच्याच मुलखातला, युद्धाच्या काळात विणलेला जुना गालिचा आणला. त्यावर हेलिकॉप्टरं विणलेली होती आणि कोपऱ्यात एक डाळिंबाचं झाड, सगळंच विरलेलं. “झाड राहू दे. हेलिकॉप्टरं नीट कर, लोक तीच बघतात,” असं सांगून तो गेला. चाचा त्या झाडावर तळहात ठेवून बसून राहिले. “आमच्या अंगणात होतं,” एवढंच म्हणाले.

आज बघतो तर हेलिकॉप्टरं तशीच विरलेली आणि डाळिंबं लालभडक.

“चाचा, तो चिडेल.”

“चिडू दे,” म्हणत त्यांनी झाडावर बोट ठेवलं. “मी सुरुवात इथून धरतो.”