दोन ओळींचं उत्तर

आज जे लिहितो आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. एक माणूस माझ्यापेक्षा चांगलं गणित शिकवायचा, आणि तेवढ्याच कारणासाठी मी त्याची नोकरी घालवली. त्याला हे ठाऊक नाही. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते लिहिण्याआधी त्याला विचारावं लागेल, आणि विचारायला जाण्याइतकं धैर्य मला अजून झालेलं नाही.

त्याचं नाव काढलं की मला त्याचं उभं राहणं दिसतं. फळ्यावर उदाहरण लिहायचं, खडू शर्टाच्या खिशात टाकायचा, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि मुलांच्या बरोबरीनं त्या उदाहरणाकडे पाहत राहायचं. मिनिटभर, कधी दोन मिनिटं. बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस हात लावण्याआधी लांबूनच त्याच्याभोवती नजर फिरवतो ना, तसं. एखाद्या उतावळ्या मुलाचं पेन चालू झालं की म्हणायचा, "घाई न्हाई. आदी बगा तरी." त्याच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर पांढरा डाग असायचा.

हे मी डोळ्यांनी फार थोड्या वेळा पाहिलं. ऐकलं मात्र रोज.

बाहत्तर-त्र्याहत्तरचं ते साल. राहुरीच्या अलीकडे एका गावात नवं कॉलेज निघालं होतं. इमारत व्हायची होती, म्हणून वर्ग खताच्या जुन्या गोदामात भरायचे. गोदामाच्या मधोमध बांबूच्या तट्ट्यांची भिंत. अलीकडे माझी अ तुकडी, पलीकडे त्याची ब तुकडी. दोघांनाही पहिल्या वर्षाला गणित शिकवायचं, दोघेही तात्पुरते. मी नगर शहरातला, एम.एस्सी.ला पहिला वर्ग. तो कर्जतच्या पलीकडच्या एका खेड्यातला, दुसरा वर्ग. प्राचार्यांनी रुजू होतानाच सांगून टाकलं होतं, "गणिताची एकच जागा कायम होणार. निकाल पाहून एप्रिलात ठरवू." आणि राहायला आम्ही दोघे एकाच खोलीत. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पहिला वर्ग माझा होता.

त्या वर्षी आमच्याकडे डेरिव्हेटिव्ह होतं. ज्यांचा गणिताशी संबंध सुटलाय त्यांच्यासाठी सांगतो: एखादी गोष्ट कोणत्या वेगानं बदलते आहे ते शोधायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे पाच-सहा नियम असतात. मला ते झोपेतून उठवलं तरी म्हणता आले असते, आणि मी ते तसेच शिकवायचो. नियम सांगायचा, लिहून द्यायचा, दहा उदाहरणं घालायची.

पहिल्याच आठवड्यात पलीकडून त्याचा आवाज आला. "कॉन्स्टंट म्हंजे काय? आमच्या गावचा तलाठी! कितीबी हेलपाटे घाला, जागचा हलत न्हाई. जो हलतच न्हाई, त्याचं डेरिव्हेटिव्ह किती?"

"शून्य!" सगळा वर्ग ओरडला. हसण्याचा असा लोट आला की तट्ट्या हलल्या. वाईट एवढंच, की माझी मुलंही हसली. मी वळून पाहिलं तर निम्म्या माना भिंतीकडे.

पुढच्या वर्षी हाच विनोद मी माझ्या वर्गात करून पाहिला, तेव्हा तो तिथे नव्हताही. पहिल्या बाकावर खरोखरच एका तलाठ्याचा मुलगा बसला होता. कोणी हसलं नाही. तो मुलगा मात्र वर्षभर माझ्याकडे पडलेल्या चेहऱ्यानं बघत राहिला.

मत्सर म्हणजे काही मोठी आग वगैरे असते असं लोकांना वाटतं. माझा अनुभव निराळा आहे. मी त्याच्या बारीकसारीक गोष्टी मोजायला लागलो. त्याच्याकडे शंका विचारायला किती मुलं थांबतात. वाटेत त्याला किती जण हात करतात. तो घाताचा नियम कसा सांगतो: "वरचा आकडा खाली उतरतो, म्होरं उभा ऱ्हातो, आन् वर आपल्या जागी एक कमी करून ठिवतो. झालं." हे माझ्या वहीतल्या व्याख्येपेक्षा चांगलं आहे हे मला ऐकताक्षणी कळलं, आणि कळलं म्हणूनच ते गावंढळ आहे असं मी ठरवून टाकलं.

जानेवारीत मी भागाकाराचा नियम घेत होतो. वर एक राशी, खाली एक राशी, अशा वेळी खालचा गुणिले वरच्याचं डेरिव्हेटिव्ह, त्यातून वजा वरचा गुणिले खालच्याचं डेरिव्हेटिव्ह, आणि सगळ्याला खालच्याच्या वर्गानं भागायचं. पलीकडे हशा चालला होता, म्हणून मी आवाज चढवला, आणि त्या भरात वजाबाकी उलटी केली. आधी यायचं ते नंतर, नंतरचं आधी. मोठ्यानं बोललो, मोठ्या अक्षरात लिहिलं. सगळी चिन्हं उलटी येणार होती.

पलीकडचा वर्ग एकदम शांत झाला. मग दारात तो.

"सर, डस्टर मिळंल का? आमचं कुटं गेलंय कुणास ठाऊक."

मी मानेनंच घ्या म्हटलं. तो आत आला, फळ्याच्या कडेचं डस्टर घ्यायला वाकला, आणि त्याची बाही माझ्या त्या ओळीवरून अशी फिरली की ओळ पार गेली. "आयला, माफ करा सर. पुसलं बगा सगळं. परत लिवावं लागंल." आणि गेला.

पुसलेल्या जागेकडे पाहताना मला कळलं. मी ओळ पुन्हा लिहिली, या वेळी बरोबर. वर्गात कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. तास संपल्यावर मी मुद्दाम त्याच्या वर्गात डोकावलो. त्याचं डस्टर जागेवर होतं.

संध्याकाळी खोलीवर तो स्टो पेटवत बसला होता. मी वाट पाहत होतो. तो म्हणाला, "राव, मीठ संपलंय." बस. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. त्यानं एकदा चिडवलं असतं, "काय राव, चिन्ह उलटं?" असं म्हणून हसला असता, तर मी सुटलो असतो. त्यानं ती मोकळीक मला दिली नाही, असं तेव्हा मला वाटायचं.

त्याला ती कायमची जागा कशासाठी हवी होती हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून हे अज्ञानात घडलं असं म्हणायचीही सोय नाही. दुष्काळात त्यांचं रान पडीक होतं आणि त्याची आई सरकारी कामावर खडी फोडायला जायची. "जागा पक्की झाली की त्या दिशीच आईला घरी बशिवतो," हे तो आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचा. एकदा ती आमच्या खोलीवर आली होती. बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, त्या सोडायच्याही विसरलेली.

"तुमीबी गनितच शिकवता व्हय?" तिनं मला विचारलं.

"हो."

"मग बरं हाय. दोगं हाय म्हंजे याला धीर हाय. हा लई साधा हाय, बाबा. ध्यान ठिवा."

मी हो म्हटलं.

आमच्या कॉलेजात पद्धत अशी होती की एका सत्राला एकानं पेपर काढायचा आणि दोन्ही तुकड्यांचे त्यानंच तपासायचे, दुसऱ्या सत्राला दुसऱ्यानं. पहिलं सत्र त्याचं होतं. त्यानं माझ्या मुलांना सढळ हातानं मार्क दिले होते, तरी त्याची तुकडी पुढे गेली. दुसरं सत्र माझं.

पाचवा प्रश्न मी घातला तो असा: एक्सचा घन अधिक पाच एक्सचा वर्ग, भागिले एक्स, याचं डेरिव्हेटिव्ह काढा. पाच मार्क. मला भागाकाराचा नियम हवा होता. माझ्या मुलांनी अर्धं अर्धं पान भरून तो लावला आणि शेवटी दोन एक्स अधिक पाच आणलं. ब तुकडीच्या मुलांनी मात्र आधी उदाहरणाकडे नीट बघितलं होतं. खालचा एक्स वरच्या दोन्ही पदांना सरळ भाग देतो. उरतं एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स. त्याचं डेरिव्हेटिव्ह दोन एक्स अधिक पाच. दोन ओळी, संपलं.

रविवारी सकाळी तो गावी गेलेला असताना मी पेपर तपासायला बसलो. पहिला पेपर पाहून माझ्या तोंडून "वा" निघालं होतं. हे मला स्पष्ट आठवतं. मग मी लाल पेनानं शेजारी लिहिलं, 'नियम वापरला नाही', आणि पाचपैकी एक दिला. दुसऱ्यालाही एक. मग सगळ्यांना. पुढच्या दोन प्रश्नांतही जिथे जिथे त्यांनी सोपं करून घेतलं होतं, तिथे तिथे तेच.

पेपर वाटले त्या दिवशी ब तुकडीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. बोलायला धीट होती.

"सर, उत्तर तर आलंय."

"नियम कुठंय?"

"पन पेपरात लिवलं नव्हतं, नियमानंच काढा म्हणून."

"आता तू मला पेपर काढायला शिकवणार का?"

ती पेपर उचलून गेली. संध्याकाळी तोच पेपर घेऊन तो खोलीवर आला. पाचव्या प्रश्नावर बोट ठेवलं. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो.

"राव, हे चूक कसं म्हनता?"

"मी चूक कुठं म्हटलं? नियम यायला नको का? खालची राशी अशी सुटणारी नसेल तर ही मुलं काय करतील?"

तो विचारात पडला. खरंच पडला, तसा तो होता. मग हळू म्हणाला, "तेबी खरं हाय."

दुसऱ्या दिवशी तट्ट्यांपलीकडून मी ऐकलं ते सांगतो. "सरांचं बरोबर हाय. चूक तुमची न्हाई, माजी हाय. मी तुमाला सोपी वाट दावली आन् मोठा रस्ता दावायचा ऱ्हायला. काडा वह्या." आणि तेच उदाहरण त्यानं नियमानं करून घेतलं. अर्धं पान. त्या तासाला तिकडे कोणी हसलं नाही. माझ्या बाजूच्या माना भिंतीकडे वळल्या नाहीत, आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

मग प्राचार्यांनी बोलावलं. ते इतिहासाचे. समोर दोन्ही तुकड्यांचे निकाल आणि थोडे पेपर.

"अहो, ब तुकडी एवढी कशी घसरली?"

"नियम वापरलेले नाहीत, सर."

त्यांनी चष्मा वर करून दोन पेपर शेजारी शेजारी धरले. "मला यातलं कळत नाही म्हणून विचारतो. या मुलाचं शेवटचं उत्तर आणि त्या मुलीचं शेवटचं उत्तर एकच दिसतंय. मग हे बरोबर ना?"

इतिहासाच्या माणसानं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. मी 'हो' म्हणायचं होतं. दुसरं काही लागणार नव्हतं.

मी म्हणालो, "या उदाहरणात योगायोगानं येतं, सर."

गणिताचा कोणीही माणूस सांगेल, यात योगायोग नसतो. दोन्ही वाटा बरोबर असतील तर उत्तर एकच यायला हवं. शिवाय माझा प्रश्न पाहणाऱ्याला त्या मुलांचीच वाट आधी दिसायला हवी होती. मला नियम पाठ होते, म्हणून मला ती दिसली नव्हती.

"म्हणजे शिकवण्याची पद्धतच कच्ची," प्राचार्य म्हणाले.

"तसंच काहीसं, सर."

एप्रिलात मी कायम झालो. त्याच्या हातात नोकरी संपल्याचं पत्र पडलं. ट्रंक भरताना मला म्हणाला, "तुमी येळेवर दावलं म्हनून बरं, राव. न्हाईतर आजून पोरांचं नुसकान केलं आसतं." मग माझा हात हातात घेतला. "आईला सांगतो, आजून थोडं दिस." एसटी स्टँडपर्यंत मी त्याची ट्रंक धरली. एक कडी त्यानं, एक मी.

जूनमध्ये पलीकडे नवा माणूस आला. तो वहीतून वाचून शिकवायचा. माझ्या वर्गात तेव्हापासून कधी अडथळा आला नाही.

त्याला नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात हजेरी लिहायची नोकरी लागली, आणि तो तिथेच राहिला. मी पुढे विभागप्रमुख झालो. टेबलाशी आलेली ती मुलगी आता हायस्कूलला गणित शिकवते. गेल्या वर्षी एका शिबिरात भेटली. म्हणाली, "सर, मी त्यांच्याकडं गेले होते. म्हटलं, रविवारचे माझ्या पोरांना शिकवा. तर म्हणाले, न्हाई बाई, माजी पद्धत चुकीची हुती. माज्यामुळं तुमचे मार्क गेले." ती हे हसत सांगत होती, म्हातारपणी माणसं कशी होतात अशा अर्थानं. तो माझ्याच वयाचा आहे, म्हातारा नाही. कॉलेज सुटल्यापासून त्यानं खडू हातात धरलेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी समजत होतो की मी त्याची फक्त नोकरी घेतली.

मागच्या महिन्यात मी नागापूरला गेलो. कारखान्याची पाळी सुटली होती. तो सायकल हातात धरून बाहेर आला, कोणाशी न बोलता चाकातली हवा अंगठ्यानं दाबून पाहिली, आणि बसून निघून गेला. मी चहाच्या टपरीच्या आडोशाला उभा होतो. हाक मारली नाही.

तुमची पद्धत बरोबर होती आणि ते मला पहिला पेपर हातात घेतला तेव्हाच माहीत होतं, एवढं वाक्य मी त्याला देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.