युसूफ म्हणजे जुजेच

पावसाळ्यात पर्यटक नसले की आमच्या मालवणच्या रिक्षा स्टँडवर दोनच गोष्टी साचतात, पाणी आणि किस्से. पाणी चतुर्थीपर्यंत ओसरतं, किस्से तसेच राहतात. त्यातले अर्धेअधिक युसूफचे.

युसूफ म्हणजे आमचा जुजे. जन्माने ख्रिश्चन, धंदा रिक्षाचा, आणि चर्चच्या गाण्यात पुढच्या रांगेत. चाळिशीच्या आसपास मुसलमान झाला, बाहेरगावी राहून शिकून आला आणि आता स्टँडमागच्या मशिदीत बांग देतो. शुक्रवारी बयान, म्हणजे प्रवचन, तेही त्याचंच. बाकीचा वेळ आमच्याबरोबर नंबर लावून भाडं मारतो. माणूस होता तसाच आहे. माझ्या डब्यातलं लोणचं अजूनही तोच संपवतो!

* * *

नवीन नाव आईला सांगायला त्याने मला सोबत नेलं. त्याची आई, आमची रोजमावशी, पडवीत तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, फोडत बसली होती.

"मांय, युसूफ म्हणजे जुजेच. बायबलात जुजे, कुराणात युसूफ. एकच नाव ता," त्याने समजावलं.

मावशीने मान वर केली नाही. "एकच आसा? मगे बदललंस कित्याक?"

याने खाली बसून तिसऱ्या फोडायला हात पुढे केला, तिने टोपली आपल्याकडे ओढून घेतली.

"ह्या नाव माझ्या तोंडात येवचा नाय," मावशी म्हणाली आणि तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो स्टँडजवळ खोली घेऊन राहायला लागला. तिच्या दारावरून जाताना हॉर्न द्यायचा, ती आत निघून जायची. मला तिचा रागच यायचा, खोटं कशाला बोलू.

* * *

रिक्षावरचा क्रॉस काढायला तो पेंटरकडे गेला. मागे मोठ्या अक्षरांत 'आईचो आशीर्वाद' लिहिलेलं.

पेंटरने ब्रश रोखून विचारलं, "ह्या पण पुसू? आवय तर तुझ्याशी बोलत नाय."

"बोलणा बंद केल्यान हा. आशीर्वाद बंद केल्यान म्हणान तुका कोणी सांगल्यान?"

पेंटरने उलट त्या अक्षरांवर पिवळ्या रंगाचा नवा हात मारून दिला.

* * *

पहिल्या बयानाला आम्ही स्टँडवाले बाहेर कठड्यावर बसून होतो. बोलला झकास. खोटं बोलणाऱ्या माणसाची तुलना मीटर पळवणाऱ्या रिक्षावाल्याशी केली, तेव्हा सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं!

शेवटी दुआ झाली आणि लाउडस्पीकरवरून खणखणीत आवाज आला, "आमेन!"

बाहेर येताना मशिदीतले जुने हसनचाचा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मौलाना, बयान एक नंबर. फक्त शेवटचो आमेन चर्चमधलो होतो. आमीन म्हणा, आमीन!"

"चाचा, गियर जुनो आसा. मधीच अडकता!"

* * *

चतुर्थीला तो आमच्याकडे येणार की नाही, यावर स्टँडवर पैजा लागल्या. आला की! पण खळ्यातच, म्हणजे अंगणातच, बसला आणि माझ्या आईला हळूच म्हणाला, "काकी, प्रसाद माका चलाचो नाय. नैवेद्य दाखवच्या आधी एक मोदक बाजूक काढशात?"

आईने कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, गणपतीच्या आधी जेवणारो तूच पयलो!"

तेव्हापासून त्याच्यासाठी वेगळ्या चुलीवर घावणे होतात. मोदकाचा विषय त्यानेच परत काढला नाही.

* * *

एकदा बाहेरून आलेला एक पाहुणा युसूफच्या रिक्षात बसला. याची दाढी आणि चर्चमधला जुना फोटो (तो आम्हीच दाखवला होता) बघून त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "भाऊ, खरं सांगा, तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली का?"

युसूफने पर्यटकांसाठी राखलेलं शुद्ध मराठी काढलं. "केली ना. आईने. लहानपणी, पेज खायला."

* * *

नाताळात रोजमावशी स्टँडवर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पाठवते. प्रत्येकाचा डबा वेगळा. दरवर्षी एक डबा उरतो.

"ह्यो कोणाचो गो मावशे?" मी विचारतो.

"कोणाचो नाय. जास्त झाले," ती म्हणते.

कोणाचाच नसलेला हा डबा सगळ्यांत मोठा असतो. तो कोण नेतो, तेही ती कधी विचारत नाही.

* * *

आता बांगेचं. चर्चमध्ये गायचा तेव्हा मावशी त्याला ओरडायची, "वरच्या सुरात चढा नको, घसो बसतलो!" मुसलमान झाल्यावर त्याच गळ्याने तो बांग द्यायला लागला. मावशीचं घर हाकेच्या अंतरावर. बांग झाली की ती पडवीतून कोणाशी तरी बोलल्यासारखी पुटपुटायची, "अजून वरच चढता."

गेल्या श्रावणात एका दुपारी बांग वेगळ्याच गळ्यातून आली. थोड्या वेळाने मावशी डोक्यावर छत्री आणि हातात बाटली घेऊन स्टँडवर हजर. बाटलीत आलं-मिरीचा काढा, फडक्यात गुंडाळलेला.

"बाबल्या, माका मशिदीकडे सोड. आज बांग दुसऱ्यान दिल्यान."

चालत जाण्याइतकं अंतर, पण मी गपचूप रिक्षा काढली.

फाटकाशी बाहेरगावचे एक पाहुणे उभे होते. बांग त्यांनीच दिली होती. "किससे मिलना है, अम्मा?"

"जुजेक."

"यहाँ कोई जुजे नहीं है."

मी पुढे होऊन सांगणार, तेवढ्यात मावशीने बाटली काखेत मारून माझं मनगट धरलं. छत्रीवरून पाणी गळत होतं.

"युसूफ," ती म्हणाली. "माझो झील. तेका सांग, आवय इली हा."

आतून तो धावतच आला. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. नुसते ओठ हलत होते.

मावशीने बाटली त्याच्या हातात कोंबली.

"वर चढा नको म्हणान सांगललंय ना तुका!"